कूस बदलताना सुचलेली चाल

तिला सगळे व्हायोलिनवालीच म्हणत. तिची उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवण्यात गेली. रेकॉर्डिंगला बारा व्हायोलिनवाले बसायचे, त्यात ती मागच्या रांगेत. पुढे कीबोर्डचं एक बटण बाराजणांचं काम करू लागलं आणि अख्खी रांगच घरी बसली. आता ती दोन शाळांत संगीत शिकवते. तिथे 'सा' लावायची वेळ आली की अर्ध्या वर्गाला खोकला येतो. दुपारी दमून घरी यावं, तर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई वाट बघत असतात. नवरा औषधांच्या गोदामात पाळीवर. दोघांची सुट्टी एका दिवशी येईल तर शपथ.

अशात धाकट्या दिराचा फोन आला. तो हौशी नाटकं बसवायचा.

"वहिनी, नाटकाच्या शेवटी आईचं एक गाणं आहे. चाल तुम्ही लावा."

"मी? भावोजी, मी जन्मभर दुसऱ्यांच्याच चाली वाजवल्यात."

"मग काहीतरी मुरलंच असेल की!"

फोन स्पीकरवर होता, सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. "आईचं गाणं बसवतोय का? आधी आईला भेटायला ये म्हणावं."

ती व्हायोलिन घेऊन बसू लागली. पण बोटांतून निघेल ते कुणाचं तरी असायचं. एक चाल कशीबशी जमली, तर नवरा जेवता जेवता म्हणाला, "ही कुठेतरी ऐकलीय."

"सगळ्यांनीच ऐकलीय," ती म्हणाली आणि ती चाल तिने सोडून दिली. पाठ दुखत होती, डोकं चालत नव्हतं. दिराला नाही म्हणून सांगायचं, असं तिने ठरवूनही टाकलं.

सासूबाईंच्या उशाशी एक जुना टेप असे. त्यावर दोघींच्या आवडीचं एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजे: नावेत लेकराला निजवणाऱ्या एका बाईचं. दोन ओळींच्या मधे व्हायोलिनची एक लकेर होती. लहानपणी ती लकेर ऐकूनच तिने बापाकडे व्हायोलिनसाठी हट्ट धरला होता. अगदी थकून गेली की ती पाय पसरून हेच गाणं ऐकायची. त्याने काम हलकं होत नसे. पण उठायचं बळ यायचं.

एक दिवस टेपने मान टाकली. सासूबाईंच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांची कूस सारखी बदलावी लागे, आणि तेव्हा त्या कळवळत. गाणं चालू असलं की जरा निभावायचं. टेप बंद, म्हणून ती स्वतःच गाऊ लागली. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. ओळ लांबत गेली. भार हातांवर आला तशी तिला धाप लागली, वरचा सूर गाठताच येईना, आणि ती अर्ध्यातूनच खाली उतरली, भलत्याच वाटेने.

"चुकलीस," सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

"हो, आई."

"बरं वाटलं पण. पुन्हा चूक बघू."

ती पुन्हा चुकली. या वेळी मुद्दाम. मग त्यांना नीट टेकवून तिने व्हायोलिन काढलं. आठवड्याभरात त्या उतरत्या सुरांभोवती गाणं उभं राहिलं. जुन्या गाण्याची माया त्यात होती, पण चाल तिची होती. खात्री करायला तिने दोन्ही एकापाठोपाठ वाजवून पाहिली.

तालमीत गाणारी मुलगी घाईघाईने गाऊ लागली. "सावकाश," व्हायोलिनवाली म्हणाली. "कुणाला तरी उचलते आहेस असं समज."

दीर कुरकुरला, "वहिनी, प्रेक्षक झोपतील!"

"झोपू देत. आईचंच गाणं आहे ना?"

नाटकाचे मोजकेच प्रयोग झाले. गाण्याविषयी कुणी फारसं बोललं नाही. पण पहिल्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी, ती शाळेतून येऊन खुर्चीत टेकते न टेकते तोच दीर दारात. सरळ आईच्या खाटेशी जाऊन उभा राहिला. मग वळून म्हणाला, "वहिनी, हिला उचलायचं कसं?"

तिने बसल्या जागेवरून सांगितलं. हात कुठे, जोर कुठे.

"हळू रे!" सासूबाई ओरडल्या. "नाटकातली नाही, खरी आई आहे."

तो हसला, हात काढून पुन्हा नीट लावू लागला. व्हायोलिनवाली आणखी काहीतरी सांगणार होती, पण खुर्चीतच तिचा डोळा लागला. दोघांनी तिला उठवलं नाही.