उपड्या कढईवरचा युफ्का

भडगावच्या दिपमालाला जळगावकरांना तुर्की जेवण खिलवायचं होतं, आणि हे ऐकून हसला नाही असा माणूस गावात शोधून सापडला नसता. पण बाई हट्टाची पक्की! दुबईतल्या तुर्की स्वयंपाकघरात आठ वर्षं राबलेली. तिथे पहिल्याच आठवड्यात एक तुर्की बाई उपड्या लोखंडी तव्यावर कागदासारखी पातळ पोळी भाजताना तिने पाहिली आणि आनंदाने ओरडलीच, "अहो, हे तर आमचे मांडे!" त्या पोळीला तिकडे युफ्का म्हणतात. दिपमालाची आई भिकुबाई लग्नघरी कणकेचा गोळा हातांवर झुलवून उपड्या खापरावर मांडे करायची, आणि लहानगी दिपमाला तुपाची वाट बघत चुलीशी ताटली घेऊन बसायची. पुढे प्रत्येक तुर्की पदार्थ ती असाच शिकली, घरच्या चवीशी ताडून. भाजलेलं वांगं दह्यात कालवलं की तिला भरीत आठवे, आणि हात आपोआप सैल सुटे.

नशिराबादजवळ मननभाऊंचं शाकाहारी हॉटेल आहे. अर्धं स्वयंपाकघर ते दिपमालाला द्यायला तयार झाले, पण एक अट होती. त्यांच्या आई लाडकुंवरबाईंनी जेवून हो म्हणायला हवं. बाई जैन, सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही घेत नाहीत. म्हणून पान पाच वाजता वाढायचं ठरलं.

दिपमालाने कांदा, लसूण, बटाटा सगळं आठवणीने टाळलं. आणि मुख्य पदार्थ कशाचा केला? वांग्याचा! खानदेशी बाईला मेजवानी म्हटल्यावर दुसरं सुचणार तरी काय?

पावणेपाचला मननभाऊ डोकावले आणि कपाळाला हात लावला. "ताई, वांगं? त्यात बिया फार, आईंनी जन्मात तोंडाला लावलेलं नाही."

आठ वर्षांची मेहनत एका वांग्यापायी जाणार! बाहेर ऊन कलू लागलं होतं. हाताशी युफ्क्याची मळलेली कणीक होती, पनीर होतं, वाळका पुदिना होता. पण लाटण्याने एकेक युफ्का लाटायचा तर अंधारच पडला असता. तिने लाटणं फेकलं, मोठी कढई शेगडीवर उपडी घातली आणि गोळा दोन्ही हातांवर घेतला. आईसारखा कोपरापर्यंत झुलवू लागली. पहिला टरकन फाटला. दुसरा मात्र असा पसरला, की आचारी मंडळी हातातलं काम टाकून बघत राहिली! पनीर, पुदिना, मिरपूड, वर तुपाची धार. साडेपाचला पान वाढलं गेलं.

लाडकुंवरबाईंनी एक खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा स्वतःच मागितला! मग खिडकीकडे बघून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मनन, हिच्या नावाची पाटी कधी लावतोस?"

दिपमालाने अंगणात धावत जाऊन फोन लावला. "माय, काम व्हयनं! मी तुनागत हातवर मांडा करात!"

पलीकडून भिकुबाईने विचारलं, "फाटना का एखादा?"

"पहिलाच फाटना, माय."

"मंग बरं शे. कोनले सांगू नको, मना बी पहिला फाटसच."