रेडिओवर ठेवलेलं बिरडं

आमच्या सासरचा रेडिओ वालाच्या बिरड्याने गेला. तो भावजींनी बिघडवला असं घरात अजून सगळे समजतात. वीस वर्षं मी तसं समजू दिलं. आता सांगून टाकते.

भावजी म्हणजे नणंदेचे यजमान, बोटीवर नोकरीला. बासष्ट-त्रेसष्ट साली पनवेलला आले तेव्हा जेवताना त्यांनी परदेशी बंदरात पाहिलेल्या एका पेटीची गोष्ट काढली. आत विस्तव नाही, धूर नाही. नुसत्या लहरी सुटतात, रेडिओच्या असतात तशाच, पण फार बारीक. त्यांनी अन्नातलं पाणी कणाकणाने थरथरतं, एकमेकांवर घासतं आणि पदार्थ ऊन होतो.

"पाणी असेल तेच तापतं," भावजी म्हणाले. "कोरडं थंडच राहतं. धातूचं भांडं मात्र ठेवायचं नाही, ठिणग्या उडतात."

सासूबाईंनी "हो का" म्हणून त्यांना आणखी तूप वाढलं. (जावयाच्या थापांवरही आमच्याकडे तूप पडतं.) मी मात्र पळी हातात धरून थिजले. 'रेडिओच्या असतात तशाच' एवढं डोक्यात शिरलं. 'बारीक' बाहेरच राहिलं.

कारण मला स्टोव्हची भीती वाटे आणि मामंजींना दुकानातून उशिरा आल्यावरही बिरडं वाफाळतं लागे. दुसऱ्या दिवशी तर त्यांची घाईच होती. मामंजींचे भाऊ, आमचे धाकटे काका, संध्याकाळी रेडिओवर पहिल्यांदा अभंग म्हणणार होते आणि सगळी आळी ऐकायला येणार होती. दुपारी घरात मी एकटी. चिनी मातीच्या वाटीत बिरडं घेतलं (धातू नको, एवढी अक्कल होती!) आणि रेडिओच्या डोक्यावर ठेवलं. लहरी जास्त सुटाव्यात म्हणून आवाज पूर्ण वाढवला. कोणी बुवा तान घेत होते. डोकं रेडिओला टेकवून बघते तर काय, रसा खरोखर थरथरत होता! अंगावर काटा आला. स्टोव्ह संपला, शेगडी संपली!

ताट घ्यायला आत गेले. परत येते तो वाटी आपली आपण चालत मागच्या कडेला पोचलेली. मागचा पुठ्ठा कधीच निघाला होता. बुवांनी पुढची तान घेतली आणि बिरडं आतल्या काचेच्या दिव्यांवर, त्या व्हॉल्व्हवर उतरलं. फट्ट! तान अर्ध्यावर तुटली. घरभर जळक्या खोबऱ्याचा वास.

मी वाटी काढली, पुसापुशी केली आणि गप्प बसले.

संध्याकाळी सतरंजीवर आळी बसली. मामंजींनी बटण फिरवलं. पुन्हा फिरवलं. त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

"सकाळी परदेशी स्टेशन कोण शोधत होतं?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी भावजींकडे पाहिलं.

भावजी विजेरी घेऊन रेडिओमागे वाकले. उभे राहिले तेव्हा त्यांची मूठ मिटलेली होती. "माझ्याच हातून झालं, मामा."

जावयाला बोलायची सोय नव्हती. मामंजींनी फक्त त्यांना बोटीचं काही विचारणं कायमचं बंद केलं. काकांना पुन्हा रेडिओवर कोणी बोलावलं नाही.

परवा भावजी आले तेव्हा सगळं कबूल केलं. ते हसले. "वहिनी, मुठीत वाल होता. मला तेव्हाच कळलं. एवढंच सांगा, बिरडं तापलं होतं का?"

"गारच होतं," मी म्हणाले. "तापले ते मामंजी, आणि तेही तुमच्यावर."

कोरडं थंडच राहतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. त्या दुपारी इतका वेळ रेडिओला टेकवूनही माझं डोकं थंडगार होतं, ते आतून कोरडं होतं म्हणूनच.