ब्रेतॉन शेजारीण, मराठी मी

अबुधाबीच्या ऑफिसात मी नवी होते तेव्हा चहाच्या मशीनपाशी हटकून एक प्रश्न यायचा, आणि विचारणारा उत्तरही स्वतःच देऊन मोकळा व्हायचा. माझं नाव ऐकलं की, "अच्छा, म्हणजे घरी उर्दू." मी म्हणायचे, नाही, मराठी. समोरचा समजुतीने हसायचा, जणू मला माझ्याच घराची नीट माहिती नाही. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या आमच्या गावात मशिदीतून बाहेर पडलेली माणसंसुद्धा मराठीतच भांडतात, हे किती जणांना सांगणार? पण मी सांगायचे. दर वेळी सांगायचे. नवरा म्हणायचा, खलास कर ना विषय, म्हण हो उर्दू, तुझं काय जातं. माझं जायचं.

मी ड्रॉइंग सेक्शनला होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर फ्रान्सहून एक इंजिनियर आला आणि त्याला माझ्या शेजारचं टेबल मिळालं. मी विचारलं, तुम्ही फ्रेंच ना? तो म्हणाला, "पासपोर्ट फ्रेंच आहे. मी ब्रेतॉन."

मला ब्रिटन ऐकू आलं. मग इंग्रज का म्हणत नाही, म्हणून मी गोंधळले. त्याने रद्दीतल्या प्रिंटच्या मागे फ्रान्सचा नकाशा काढला आणि पश्चिमेचं समुद्रात घुसलेलं टोक पेन्सिलने गडद केलं. हा आमचा मुलूख, ब्रत्तान्य. इथली भाषा फ्रेंचची बोली नाही, वेगळ्याच कुळातली आहे, समुद्रापलीकडच्या वेल्सच्या भाषेची बहीण. मग त्याने माझी भाषा विचारली. मी मराठी म्हणाले. त्याने पुढचा तो नेहमीचा उर्दूचा प्रश्न विचारलाच नाही. एवढंच विचारलं की, किती लोक बोलतात. कोटींनी, मी म्हणाले. तो खुर्चीत मागे रेलला. "मग तुम्हाला काळजी नाही."

तो, त्याची बायको आणि मुलगी आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आले. मुलगी माझ्या मुलीच्या वयाची, त्यामुळे येणं-जाणं वाढलं. शुक्रवारी दुपारी कधी आम्ही त्यांच्याकडे, कधी ते आमच्याकडे. त्याच्या बायकोने पहिल्यांदा त्यांच्याकडच्या काळपट पिठाचे पातळ, जाळीदार घावन केले आणि सोबत ग्लासात ताक ठेवलं, तेव्हा माझा नवरा माझ्याकडे बघतच राहिला. हे तर आपलं खाणं. ताक म्हणजे खालच्या दुकानातलं लबन, तेच आम्हीही आणायचो.

नवरा-बायको दोघंही ब्रेतॉन, पण एकमेकांशी पटेल तर शपथ. त्याला स्वतंत्र देश हवा होता. आपलं पार्लमेंट, आपली शाळा, आपलं टपालाचं तिकीट. तिला यातलं काही नको होतं. तिचा भाऊ फ्रेंच नौदलात, काका रेल्वेत, अर्धं गाव पॅरिसच्या पेन्शनवर. ती म्हणायची, मला भाषा हवी आहे, सीमेवर शिपाई नको.

गंमत म्हणजे भाषा तिची होती. तिला ती आजोळी स्वयंपाकघरात मिळाली होती. त्याच्या आईवडिलांनी त्याला मुद्दाम फ्रेंचच शिकवली होती, कारण त्याची आई लहानपणी शाळेत ब्रेतॉन बोलली म्हणून मास्तरांनी तिच्या गळ्यात लाकडी खडाव अडकवली होती. दुसरं कुणी ब्रेतॉन बोलताना सापडेपर्यंत ती गळ्यातच ठेवायची, म्हणजे सुटायचं तर मैत्रिणीची चुगली करायची. त्या बाईने ठरवलं की, माझ्या पोराच्या गळ्यात हे येणार नाही. तो मोठेपणी पुस्तकं आणि कॅसेट लावून शिकला. त्याचे उच्चार ऐकून बायको पोट धरून हसायची. तिची आजी म्हणे त्याला परदेशी समजली असती.

त्यांचं भांडण ऐकताना एकदा मी अभिमानाने मध्ये पडले. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. तरुणपणी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांना गेलेले. मी म्हणाले, आम्ही देश मागितला नाही, भाषेचं राज्य मागितलं, आणि मिळवलं. तो बायकोकडे वळला. बघ, यांचं सरकार यांच्या भाषेत चालतं. म्हणून भाषा वाचली.

तेवढ्यात मुली आत आल्या. मी माझ्या मुलीला म्हटलं, बाळा, मैत्रिणीला लबन दे ओतून. ती म्हणाली, "इन अ मिनिट, मम्मी. वी आर प्लेइंग." तिच्या मागून त्यांच्या मुलीने आपल्या आईला काहीतरी विचारलं, ब्रेतॉनमध्ये, आणि आईने ब्रेतॉनमध्येच उत्तर दिलं. मुली गेल्या.

मग त्याची बायको सावकाश म्हणाली, "यांच्याकडे सरकार आहे आणि मूल इंग्रजी बोलतं. आपल्याकडे काही नाही आणि आपलं मूल ब्रेतॉन बोलतं. पार्लमेंट कशाला हवंय तुला?"

"कारण आपल्याला एकच मूल आहे," तो म्हणाला. "बाकीच्यांच्या मुलांचं काय?"

दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही मला झोंबले. मी ताटं उचलली. नवरा घरी येताना म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस, इथे सगळ्यांचीच मुलं इंग्रजी बोलतात. सगळ्यांची म्हणजे माझी का, असं मी विचारलं. त्याने लिफ्टचं बटण दाबलं.

थोड्याच दिवसांनी त्या दोघांना मुलीच्या शाळेतून बोलावणं आलं. शाळा फ्रेंचमध्ये शिकवणारी. मुलगी वर्गात मागे पडते, तेव्हा घरी ती बोली बंद करून फक्त फ्रेंच बोला, असं मुख्याध्यापिकेने सांगितलं. स्वातंत्र्यवाल्या नवऱ्याने मान हलवली, विचार करू म्हणाला. बायको मात्र उभी राहिली आणि बोलायला लागली, ब्रेतॉनमध्ये. बाईंनी फ्रेंचमध्ये विचारावं, हिने ब्रेतॉनमध्ये सांगावं. शेवटपर्यंत फ्रेंचचा एक शब्द तिने काढला नाही. नवरा मधे बसून भाषांतर करत होता, घाम पुसत होता आणि दर वाक्याला माफी मागत होता. जी वाक्यं त्याला समजली नाहीत ती त्याने मनाने केली. हे त्यानेच आम्हाला सांगितलं, आणि सांगताना तो बायकोकडे असा बघत होता, जणू तिने त्या क्षणी फ्रान्सचं सैन्य मागे हटवलं असावं.

माझी पाळी पुढच्या महिन्यात आली. मुलीच्या शाळेत पालकांची मीटिंग होती. क्लास टीचर नवीन होत्या. त्यांनी मला बघून आधी हिंदीत सुरुवात केली, मग इंग्रजीत सांगितलं की मुलगी हुशार आहे, फक्त घरी इंग्लिश एन्व्हायर्नमेंट ठेवा, घरची भाषा नंतर कधीही शिकता येते. त्यांचं आडनाव दारावरच लिहिलेलं होतं, आणि ते आडनाव मराठीशिवाय दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं.

मी मराठीत म्हणाले, "घरी आम्ही मराठी बोलतो, बाई. ते बदलणार नाही. इंग्रजी तुम्ही शिकवा, त्याचीच तर फी भरतो आम्ही."

त्या दचकल्या. माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे त्यांची नजर गेली आणि लगेच खाली आली. "तुम्ही मराठी आहात?"

"आहे. तुम्हीही आहात ना?"

रांगेतले पालक ऐकत होते. बाई थोडा वेळ प्रगतिपुस्तक चाळत राहिल्या. मग अगदी हळू, मराठीत म्हणाल्या, "माझ्या मुलाला कळतं सगळं. बोलत नाही." मला त्यांची दया आली नाही, तेव्हा तरी नाही. मी म्हणाले, मग त्याला इंग्रजीत उत्तर देणं थांबवा. आणि उठले.

घरी मीही तेच सुरू केलं. मुलगी इंग्रजीत बोलली की मला ऐकू यायचं नाही. तिने आधी आदळआपट केली, मग अबोला धरला, मग मोडकीतोडकी मराठी बोलू लागली. सासरचे लोक फोनवर नाराज. मुलीला उर्दू शिकव, लग्नाच्या वेळी कामाला येईल. मी म्हणाले, उर्दूही शिकेल, इन्शाल्ला, पण मराठी सोडून नाही. आणि महाराष्ट्रीय मंडळींच्या एका कार्यक्रमात मी तिला वक्तृत्वाला घेऊन गेले, तर एक बाई प्रेमाने म्हणाल्या, किती छान मराठी बोलता हो तुम्ही. मी म्हटलं, तुम्हीही. त्यांना कळायला वेळ लागला.

मग आमच्या हॉलमध्ये मी मुलांचा मराठी वर्ग काढला. शुक्रवारी सकाळी. कोकणातल्या मुसलमानांची मुलं आणि पुण्यामुंबईच्या घरांतली मुलं एकाच सतरंजीवर. खाली ब्रेतॉन शेजारीण तेव्हा आमच्यासाठी घावन करत असायची.

शतक बदललं त्या सुमारास त्यांच्या मुलखात एका उपाहारगृहात बॉम्ब फुटला आणि तिथे काम करणारी एक तरुण मुलगी गेली. स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या माणसांवर संशय होता. शेजारणीचा नवरा ऑफिसात आला, पण दिवसभर त्याने प्लॅनवर एक रेघ मारली नाही. त्याने आजवर कुणाला दगडही मारलेला नव्हता, पण तो म्हणाला, "ती मुलगी आमच्याच गावांसारख्या गावातली होती." त्याच्या बायकोला त्याला गप्प करायला याहून मोठी संधी मिळाली नसती. तिने ती घेतली नाही. उलट तीच त्याला म्हणाली की, बॉम्ब ठेवणाऱ्यांना तुझी मागणी चोरू देऊ नकोस. मला ती पटत नाही, पण ती तुझी आहे.

पुढच्या वर्षी ते परत गेले. मुलीला पालकांनी चालवलेल्या ब्रेतॉन माध्यमाच्या शाळेत घातलं. फोनवर शेजारीण सांगते की सरकार ती शाळा आपल्यात घ्यायला तयार नाही, म्हणून मोर्चे निघतात. दोघं एकाच मोर्चात वेगवेगळे फलक धरून चालतात. नवऱ्याला अजून देश हवाय, तिला अजून नको. आता भांडण ब्रेतॉनमध्ये होतं, त्यामुळे तो हरतो.

माझा वर्ग चालू राहिला. माझी मुलगी आता माझ्याशी कडाकडा भांडते, क्रियापदं इंग्रजी घालून, पण मराठीत. मध्यंतरी एक आई चौकशीला आली. मुलांना इथेच राहायचंय, नाहीतर कॅनडाला जायचंय, मग याचा उपयोग काय, असं तिने विचारलं. मी म्हणाले, उपयोग मी सांगणार नाही. आणायचं तर शुक्रवारी दहाला आणा.

शुक्रवारी ती मुलीला घेऊन दारात उभी होती. पोरगी इंग्रजीत रडत होती. मी तिला मराठीत आत बोलावलं.