पालथ्या हाताने

समस्त वाचकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाच्या सुमारास, स्वारगेटजवळच्या एका वधू-वर सूचक केंद्रातला एकुलता एक मॉनिटर काळा पडला. सदर मॉनिटरच्या पोटात (निदान आमच्या मालकांची तशी समजूत होती) अर्ध्या पुणे जिल्ह्यातली लग्नाळू मुलं राहत होती. घटनास्थळी तीन माणसं हजर होती. केंद्राचे मालक, मुलीसाठी स्थळ बघायला सकाळीच हडपसरहून आलेले एक वधूपिता, आणि कॉम्प्युटर ऑपरेटर या पदावर कच्चा नेमलेला मी.

हसू नका. तो काळच तसा होता. रोज नवी कंपनी निघत होती आणि मुलींच्या बापांना डॉक्टर-इंजिनिअरपेक्षा 'कॉम्प्युटरमधला' जावई जास्त आवडायला लागला होता. म्हणून मालकांनी जाड वह्या माळ्यावर टाकून एक मशीन घेतलं. त्याला स्वतंत्र खोली दिली, दाराला पडदा लावला. आत जाताना चपला बाहेर. मशीनवर प्लास्टिकचं कव्हर. आणि काच पुसायची, तर ती फक्त मालकांनी, पिवळ्या फडक्याने. मला नोकरी देताना ते म्हणाले होते, "तीन महिने बघतो. यंत्राला काही झालं, तर चौथा महिना आपण घरी बसून मोजायचा."

हा तिसरा महिना होता.

"आपण येण्याआधी ठणठणीत होता," मालक काळ्या काचेकडे बघत म्हणाले. आमचे मालक रागावले की 'आपण' म्हणत. फार रागावले की 'आपण'च्या पुढे काहीच म्हणत नसत.

"मी हातसुद्धा लावला नाही," मी म्हणालो.

हे खोटं होतं, हे तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. खंडेनवमीला मालकांनी मशीनची पूजा केली होती, आणि ती करताना हात अजिबात आखडता घेतला नव्हता. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर अक्षता, काचेवर तळहाताएवढं कुंकू. आज सकाळी मी आलो, तर मालक यायचे होते, वधूपिता बाहेर येऊन बसलेले. ऐन पडद्यावर कुंकू ठेवून त्यांना स्थळं कशी दाखवायची? मी खिशातला रुमाल काढला आणि काच, कड, कडेची खालची बाजू, सगळं खसाखसा पुसलं. मालक आल्यावर बटण दाबलं. खालचा दिवा हिरवा लागला आणि वर काळोख. त्या काळोखापुढे कुंकू कुठे गेलं, हे मालकांच्या ध्यानातच आलं नाही. लाल झालेला रुमाल माझ्या पँटच्या खिशात होता आणि तो तिथे जळतोय असं मला वाटत होतं.

"मालक," बाहेरून वधूपित्यांनी विचारलं, "पेटीत पोरं हायत का न्हाईत?"

"आहेत," मालक म्हणाले. "झोपलीत."

मग ताईंना फोन गेला.

ताईंचं नाव मी सांगणार नाही. त्यांना ते आवडलं नसतं. चाळिशीच्या, शिडशिडीत, राहायला येरवड्याला. आयटीआय करून एका टीव्हीच्या कारखान्यात बारा वर्षं काढलेली. बाहेरचे चकचकीत टीव्ही बाजारात आले आणि कारखान्याला कुलूप लागलं. बरोबरीची माणसं घरी बसली. ताईंनी मोपेड घेतली, तिला एक रेक्झिनची पिशवी अडकवली आणि मॉनिटर दुरुस्त करत शहरभर हिंडायला लागल्या. "टीव्हीचाच धाकटा भाऊ आहे हा," त्या म्हणायच्या. "घराणं ओळखीचं आहे."

खाली वॉचमनला 'जय भीम' घालून त्या जिना चढायच्या. टेस्टर अंबाड्यात खोवलेला. दारात आल्या की कुणाकडे न बघता मशीनकडे बघायच्या आणि विचारायच्या, "शेवटचं काय दिसलं होतं?" आजाऱ्याच्या घरी आलेला चांगला डॉक्टर विचारतो तसं. कुणी केलं, हे मी त्यांना कधीही विचारताना ऐकलं नाही. आणि सगळ्यांना त्या साहेब म्हणत. मालकही साहेब, वॉचमनही साहेब, तेवीस वर्षांचा मीही साहेब.

त्यांची एक रीत होती. पिशवी उघडण्याआधी त्या हात पालथा करायच्या आणि पडद्याच्या काचेजवळून हळूच फिरवायच्या. तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. हातावरची लव उभी राहिली की म्हणायच्या, "जीव आहे." मी एकदा विचारलं, तळहात का नाही? तर म्हणाल्या, "विजेचा झटका बसला तर तळहात मिटतो साहेब, धरून ठेवतो. पालथा हात झटकला जातो. यंत्राशी असंच वागावं. माणसांशी सरळ हाताने."

आणि हा सरळ हात त्या कसा वापरत, तेही सांगतो. एका डॉक्टरांनी त्यांना तातडीने बोलावलं. डॉक्टर स्वतः दोन तास मशीनशी झुंजलेले, घामाघूम, बायकोसमोर हरलेले. ताईंनी बघितलं, भिंतीवरचं बटणच बंद. डॉक्टर पाणी आणायला वळले तेव्हा कोपराने बटण खाली केलं, मग पाच मिनिटं मॉनिटरमागे टेस्टर घेऊन गंभीर चेहऱ्याने बसल्या आणि जाहीर केलं, "संपर्क तुटला होता. जोडला." हे त्यांच्याकडून ऐकून मी पोट धरून हसलो, तर त्या रागावल्या. "दोन तास झगडलाय तो माणूस. त्याला मूर्ख ठरवून काय मिळणार?"

तर त्या दिवशी ताई आल्या. "शेवटचं काय दिसलं होतं?"

"परवा पूजेच्या वेळी बंद केला तेव्हा स्थळांची यादी होती," मालक म्हणाले. "आज हे महाशय आले आणि मॉनिटरने प्राण सोडला. बघा, चालू होतोय का, की त्याचीही पत्रिका मांडू?"

ताईंनी हात पालथा फिरवला. लव उभी राहिली. "जीव आहे." मग त्यांनी मागची केबल चाचपली, टेस्टरने तिचे दोन्ही स्क्रू बघितले. ते घट्ट होते. दिव्याचा हिरवा रंग बघितला. मग खाली वाकून पडद्याच्या कडेखालून एक बोट सावकाश फिरवलं. तिथे दोन छोटी दातेरी चाकं असायची, आठवतात? एक उजेडाचं, एक गडदपणाचं. बोट बाहेर आलं तेव्हा त्याचं टोक लाल होतं.

ताईंनी बोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या खिशाकडे, कारण मूर्खासारखा मी त्याच्यावर हात ठेवून उभा होतो. पुसता पुसता उजेडाचं चाक मी पार शेवटपर्यंत फिरवलं होतं. बिघाड एवढाच. मॉनिटर सकाळपासून ठणठणीत होता आणि काळोखात यादी दाखवत बसला होता.

त्यांनी बोट पदराला पुसलं आणि अंगठ्याने चाक उलटं फिरवलं. पडद्यावर पहाट व्हावी तशी एकेक ओळ उजळत आली. दारातल्या पडद्याआडून बघणाऱ्या वधूपित्यांनी टाळी वाजवली.

"काय झालं होतं?" मालकांनी विचारलं.

"उजेडाचं चाक फिरलं होतं."

"आपोआप?" आणि मालकांनी मान सावकाश माझ्याकडे वळवली.

"सैल राहिलं होतं साहेब," ताई शांतपणे म्हणाल्या. "गेल्या महिन्यात मी उघडलं होतं ना, तेव्हा नीट बसवायला हवं होतं. माझ्याच हातून राहिलं."

"म्हणजे चूक आपली."

"माझीच."

"प्रामाणिकपणाबद्दल आभार. एका चाकापायी सकाळ फुकट गेली. आता पुढच्या महिन्यापासून आपण येऊ नका. दुसरा माणूस बघतो."

"बरं साहेब," म्हणून ताईंनी टेस्टर अंबाड्यात खोवला आणि पिशवीची चेन ओढली.

इथे मला जरा थांबू द्या. त्या चेनचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्याच दिवशी मी त्यांना जिन्यात गाठून विचारलं होतं, तुम्ही कशाला घेतलंत अंगावर? त्या म्हणाल्या, "मला दहा ठिकाणी जायचं असतं. तुम्हाला एकच खुर्ची आहे." पुढे कित्येक रविवार मी येरवड्याला त्यांच्या घरी जाऊन हे काम शिकलो. आज माझं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे आणि तिथे आलेल्या माणसाला मी कधीच विचारत नाही, कुणी केलं. सपाट पडदे आले तेव्हा ताईंनी एक हातात घेऊन उलटसुलट बघितला होता. "याच्यासमोर हात फिरवला तरी लव उभी राहत नाही हो," म्हणाल्या होत्या, थोड्या खट्टू होऊन. ताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मोपेड त्यांच्या धाकट्या बहिणीने अजून विकलेली नाही.

पण मला त्या दिसतात त्या त्याच सकाळी, दाराकडे निघालेल्या. पिशवी खांद्याला, पाठ ताठ. त्या उंबऱ्याशी पोचल्या आणि माझ्या तोंडाने मला न विचारता बोलायला सुरुवात केली.

"मालक, चाक मी फिरवलं! रुमालाने पुसलं मी. हात लावला नाही म्हणालो ते खोटं होतं. त्यांचं काही चुकलं नाही." आणि पुरावा म्हणून तो लाल रुमाल काढून मी टेबलावर ठेवला.

ताई वळल्या. कामाच्या जागी त्या कधी हसत नसत, पण त्या वेळी तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसत होत्या. मालकांनी मला घालवायला तोंड उघडलं. 'आपण' एवढा एकच शब्द बाहेर आला. त्यापुढचं वाक्य त्यांना कधीच पुरं करता आलं नाही, आणि ताईंचं काम नि माझी खुर्ची दोन्ही वाचली, ती केवळ पडदा सारून आत घुसलेल्या हडपसरच्या वधूपित्यांमुळे. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं आणि खणखणीत आवाजात विचारलं,

"पोरगं कंप्यूटरमधलं हाय, आन् खरंबी बोलतंय! मालक, ह्याचं लगीन झालंय का?"