पेन्सिलीने लिहिलेले नंबर

करी रोडच्या आमच्या चाळीत कोणाचाही फ्यूज उडाला की तळमजल्यावरच्या काकांना हाक जाते. ते निवृत्त वायरमन. जिन्याखालच्या मीटरच्या फळीवर कुठली वायर कुठल्या खोलीची, हे फक्त त्यांनाच ठाऊक. लिहून ठेवा म्हटलं तर म्हणतात, "मी आसंय मां!" भिंतीतली जुनी वायर ते कधी ओढत नाहीत. "ती भिंत घेवन येता," म्हणतात आणि शेजारून नवी टाकतात.

त्यांच्या छातीत अठरा वर्षं पेसमेकर होता. यंदा तिथे पू झाला. परळच्या डॉक्टरांकडे मी सोबत होतो. हृदयापर्यंत गेलेल्या वायरीसुद्धा काढाव्या लागतील, आणि त्या आत चिकटल्यात, असं डॉक्टर म्हणाले.

काकांनी एवढंच विचारलं, "ओढणार की सोडवणार?"

"सोडवत सोडवत काढू."

काकांनी मान डोलावली.

दाखल व्हायच्या आदल्या दिवशी ते फळीपाशी स्टुलावर बसून प्रत्येक वायरखाली खोलीचा नंबर लिहीत होते. पेन्सिलीने.

"मार्करने लिहा की, काका."

"परत इलंय तर पुसूचा लागतला मां!"

तीन आठवड्यांनी ते घरी आले, नवा पेसमेकर उजव्या बाजूला घेऊन. चहाही न घेता खोडरबर घेऊन जिन्याखाली गेले. उजवा हात वर करायला मनाई, म्हणून डाव्या हाताने सगळे नंबर पुसले.

नंबरांसकट त्या फळीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. काल आमचा फ्यूज उडाला, तेव्हा मी काकांनाच हाक मारली.