वीस की एकवीस

मी शिक्षिका झाले ती एका चुकीच्या उत्तरामुळे, आणि तेही माझं नव्हतं.

वडील वळसंगच्या शाळेत मास्तर होते. मराठी सातवीची फायनल मी त्यांच्याच हाताखाली पास झाले. वर्षभर घरी बसल्यावर त्यांनी वर्तमानपत्रात एक जाहिरात पाहिली. सोलापुरात मुलींच्या एका शाळेत शिक्षिकेची एक जागा होती. अर्ज त्यांनी लिहिला, मी फक्त सही केली. पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. तेव्हा मुलाखत हा शब्द आमच्याकडे कोणी वापरत नसे. ‘भेटीला बोलावलंय’ म्हणत.

शाळेच्या मंडळाची कचेरी शुक्रवार पेठेत होती, एका कापडदुकानाच्या माडीवर. आम्ही आदल्या दिवशीच येऊन मावशीकडे उतरलो होतो. सकाळी वडील दुकानाच्या फळीवर बसले आणि मी एकटी जिना चढले. नऊवारीचा घोळ सावरत होते, तरी सुरुवातीलाच पायाचा अंगठा दगडावर आपटला. वर पोचेपर्यंत तो ठणकत होता. बाकी त्या जिन्याबद्दल मला काही सांगता आलं नसतं.

वर बाकावर एक बाई आधीच बसल्या होत्या. पंचविशीच्या असाव्यात. कपाळाला कुंकू नव्हतं. आपण मैंदर्गीहून आलो, घरी भाऊ आहे आणि चार वर्षांची मुलगी आहे, एवढं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. त्यांच्या मराठीला कानडीचा हेल होता. बोलावलेल्या आम्ही दोघीच होतो. मी त्यांच्याशी फारसं बोलले नाही. जागा एकच होती.

शिपायानं आधी त्यांना आत नेलं. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील, त्या बाहेर आल्या आणि माझ्याकडे न बघता तरातरा जिना उतरून गेल्या. मला वाटलं, गेल्या. पण लगेच खालून पुटपुटणं ऐकू येऊ लागलं. त्या पायरी-पायरीनं पुन्हा वर येत होत्या आणि कानडीत मोजत होत्या. वळसंगला कानडी कानावर पडायचं, त्यामुळे आकडे मला कळत होते. शेवटच्या पायरीवर त्या ‘इप्पत्तोंदु’ म्हणाल्या आणि थांबल्या.

“एकवीस हायत बघा,” त्या मला म्हणाल्या. “किती पायऱ्या चढून आलात म्हणून इचारलं. मी म्हटलं, मोजल्या न्हाईत. बास, जावा म्हणाले. तुमाला इचारलं तर एकवीस म्हणून सांगा.”

“तुम्ही मला कशाला सांगताय?” मी विचारलं.

“माझं तर झालं की,” त्या म्हणाल्या. “आता ह्याचा मला काय उपेग?”

पिशवी उचलून त्या गेल्या. शिपाई दारातच उभा होता. त्यानं हे सगळं ऐकलं होतं.

आत तिघे जण होते: मधोमध एक वकील, डावीकडे निवृत्त हेडमास्तर, आणि उजवीकडे खालच्या कापडदुकानाचे मालक, ज्यांची ती इमारत होती. प्रश्न वकीलच विचारत होते. माझ्या अर्जाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

“एक लुगडं वाळायला दोन तास लागतात. पाच लुगडी वाळायला किती लागतील?”

“दोरी पुरली तर दोनच,” मी म्हणाले.

दुकानदार मोठ्यानं हसले. वकील खूश झालेले दिसले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“बायका मान खाली घालून चालतात. तेव्हा तुम्हांला हे ठाऊक असणार. किती पायऱ्या चढून आलात?”

“एकवीस.”

“वीस,” वकील म्हणाले. “गेली सहा वर्षं मी हा जिना चढतोय. वीस आहेत.”

त्यांनी शिपायाला मोजायला पाठवलं. तो खाली जाऊन आला आणि वीस म्हणाला. त्या क्षणी मला त्या बाईंचा राग आला, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी मुद्दामच चुकीचं सांगितलं, असं माझ्या मनात येऊन गेलं. मग अंगठ्याची ठणक जाणवली आणि तो दगड आठवला.

“खाली गटाराच्या कडेला एक दगड आहे,” मी म्हणाले. “त्यावर पाय दिल्याशिवाय जिन्यावर चढता येत नाही. तो धरला तर एकवीस होतात.”

“तो दगड आहे. पायरी नव्हे,” वकील म्हणाले.

“असं कसं?” दुकानदार एकदम बोलले. “पावसाचं पाणी आत यायला लागलं म्हणून मीच पाथरवटाकडून बसवून घेतली ती. घडीव आहे चांगली. पायरीच आहे.”

दोघांची जुंपली. पायरी कशाला म्हणावं, यावर वकील बरंच बोलले. हेडमास्तर माझा अर्ज वाचत बसले होते. शेवटी वकिलांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “तुम्ही मोजल्या केव्हा?”

“येताना,” मी म्हणाले.

शिपाई भिंतीला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं.

आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. वडिलांनी ते सगळ्या वळसंगभर दाखवलं. ‘वकिलाला गप्प केलं पोरीनं,’ असं ते सांगत. त्या बाईंचा उल्लेख मी त्यांच्यापाशी केला नव्हता. पुढेही केला नाही.

चार वर्षं मी दुसरीचा वर्ग घेतला. मैंदर्गीच्या बाईंची आठवण रोज येत होती असं म्हणणार नाही. महिन्याकाठी कचेरीत सही करायला जाताना त्या दगडावर पाय द्यावा लागे, तेव्हा यायची. मग एका जूनमध्ये त्या आपल्या मुलीचा हात धरून शाळेच्या दारात उभ्या राहिल्या. भावाला गिरणीत काम मिळाल्यामुळे सगळं बिऱ्हाड सोलापुरात आलं होतं. मुलगी मैंदर्गीला कानडी शाळेत दोन वर्षं शिकली होती. मराठी कच्चं, म्हणून तिला दुसरीतच, माझ्या वर्गात बसवायचं ठरलं.

मी त्यांना पाहताक्षणी ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. मीच त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं: लुगडी, दगड, आणि ‘येताना’ म्हणून मारलेली थापसुद्धा.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“खरं सांगितलं असतं तर तुमालाबी जावा म्हणाले असते,” त्या म्हणाल्या. “दोघी घरी बसलो असतो. त्यात काय फायदा होता?”

“मला त्याचं वाईट वाटतं.”

“वाटू द्या की,” त्या म्हणाल्या आणि मुलीच्या पाटीचं विचारू लागल्या.

त्याच वर्षी दिवाळीनंतर पहिलीच्या खालच्या, बिगारीच्या वर्गाची शिक्षिका लग्न होऊन गेली. मी वकिलांच्या घरी गेले. त्या बाईंचं नाव सुचवलं आणि पायऱ्यांची हकीकत पहिल्यापासून सांगितली. नोकरी जाईल अशी मनाची तयारी करूनच गेले होते. वकील ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही ओळख उमटेना.

“कसल्या पायऱ्या?” ते म्हणाले. “मी असं विचारलं होतं?”

त्यांनी बाईंना बोलावणं मात्र पाठवलं. त्या दिवशी वकिलांना कोर्टात काम निघालं आणि ते आलेच नाहीत. हेडमास्तरांनी बाईंच्या हातात पाटी दिली, बाराखडीची एक ओळ लिहायला सांगितली आणि बिगारीतल्या चार पोरी बोलावून म्हणाले, “ह्यांना शिकवा.” अर्ध्या तासानं त्या बाहेर आल्या तेव्हा पोरी त्यांच्या पदराला धरूनच आल्या. पाटी मी पाहिली. अक्षर माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं होतं.

पुढे नऊ वर्षं आम्ही एका शाळेत होतो. मैत्रिणी झालो असं नाही. त्या मधल्या सुट्टीत आपल्या पोरींबरोबर डबा खात, मी इतर शिक्षिकांबरोबर. पुढच्या वर्षी मला तिसरीचा वर्ग मिळाला, त्यामुळे त्यांची मुलगी माझ्याकडे दोन वर्षं होती. ‘न’ आणि ‘ण’ चा घोळ तिला सुटत नसे, म्हणून शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेई. तेवढा वेळ तिची आई व्हरांड्यात उभी असे. काम झालं की, “येतो बाई,” म्हणून दोघी गिरणीच्या चाळीकडे चालू लागत.