ते फूल नाही, झाड आहे

झाडाला पाणी घालणाऱ्या माणसाला तुरुंगात टाकावं, असं मनापासून मानणारी अख्ख्या पुण्यात एकच व्यक्ती आहे, आणि ती माझी नणंद आहे.

आमच्या वन्सं कोथरूडला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. बँकेत संगणक आले तेव्हा त्यांनी तणतणत स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि गच्चीवर सक्युलंट लावायला सुरुवात केली. म्हणजे ती जाड, गुबगुबीत पानांची बुटकी झाडं. पानावर पान रचत प्रत्येकाचं कमळ झालेलं. पाणी जास्त झालं की ती मुळाशी कुजतात, म्हणून गच्चीच्या दारावर वन्संची पाटी आहे: 'झाडांना पाणी घालू नये. तहान लागल्यास ती आम्हाला सांगतात, आपल्याला नाही.' या झाडांच्या पानांवर पिठासारखी पांढुरकी भुकटी असते आणि बोट लागलं की तिथे कायमचा डाग पडतो. एकदा माझ्या बहिणीनं कौतुकानं एक पान कुरवाळलं, तर वन्सं शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या गालावरची पावडर मी पुसली तर चालेल का?" बहीण अजूनही आमच्याकडे येते, पण गच्चीवर जात नाही. माझ्या मुलाच्या लग्नात ऐन मंगलाष्टकं चालू असताना ढग गडगडला. वन्संनी मुठीतल्या अक्षता माझ्या हातात कोंबल्या, "वहिनी, माझ्याही तुम्हीच टाका," म्हणाल्या आणि कुंड्या झाकायला रिक्षा करून घरी गेल्या. जेवायला मात्र वेळेवर परत आल्या.

या सगळ्या गोतावळ्यात एक झाड वेगळं होतं. ताटलीएवढं, निळसर, कडांना गुलाबी. वन्संच्या एकुलत्या एका मुलीनं खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागल्यावर पहिल्या पगारातून आणलेलं. पुढे ज्या संगणकांचा आईनं राग राग केला, त्यांनीच तिला अमेरिकेला नेलं. तिकडेच कायमचं राहायचं ती म्हणाली, तेव्हा मायलेकींचं असं भांडण झालं की बोलणंच आटलं. उरला तो रविवार संध्याकाळचा व्हिडिओ कॉल. ती विचारणार, "झाड कसं आहे?" वन्सं फोन झाडापुढे धरणार. संपलं. झाड होतं म्हणून फोन होता, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

आणि एका सोमवारी ते झाडच गेलं. कुंडीत नुसता खुंट. वन्संनी कबुतरांपासून केबलवाल्यापर्यंत सगळ्यांची उलटतपासणी घेतली. रविवार जवळ येऊ लागला तसं त्यांना अन्न गोड लागेना. "तसलंच दुसरं दाखवा, तिला काय कळतंय," मी म्हटलं. "वहिनी, माझी मुलगी आहे ती," एवढंच म्हणाल्या.

रविवारी सकाळी आमच्या कामवाल्या बाई भांडी टाकून सांगायला आल्या. "वहिनी, खाली आप्पांच्या देवघरात फूल हाय, आठवडा झाला सुकंना. बाया पाया पडाय चालल्यात."

मी वन्संना हाक मारली आणि आम्ही दोघी जिन्यावरून अक्षरशः धावलो. तळमजल्यावरचे आप्पा रोज पहाटे पिशवी घेऊन सोसायटीभरची फुलं गोळा करतात. सोमवारी पाण्याची टाकी बघायला ते गच्चीवर गेले, एवढं मोठं फूल दिसलं, खुडलं आणि गणपतीला वाहिलं. आता ते तबकात हळदकुंकू लावून घेत होतं.

"अहो आप्पा, ते फूल नाही, झाड आहे," वन्सं म्हणाल्या.

"देवाला वाहिलंय. परत कसं देऊ?"

"मग निर्माल्य झालं की द्या."

"रोज सकाळी काढायला जातो, तर हे कालच्याइतकंच ताजं. निर्माल्य म्हणू कसं?"

जमलेल्या बायकांत दोन तट पडले. शेवटी वन्संनी तबकातून ते अलगद उचललं, आणि बुडाशी गुलाबी दोऱ्यांसारखी मुळं फुटलेली दिसली. आप्पांनी हात जोडले. वन्सं मुळांकडे बघत तशाच उभ्या राहिल्या. आनंदानं माणसाचा चेहरा किती लहान होतो, ते मी तेव्हा पाहिलं.

तोडगा वन्संनीच काढला. कुंडी आणली आणि झाड देवापुढेच लावलं. पण त्याला ऊन हवं, म्हणून आप्पांनी सगळा देव्हाराच गॅलरीत हलवला. संध्याकाळचा फोन तिथेच घेतला. गणपती, बाळकृष्ण आणि कपाळावर कुंकू लावलेलं झाड पाहून मुलगी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसू थांबल्यावर म्हणाली, "आई, तू कशी आहेस?"

भल्याभल्यांना एका वाक्यात गप्प करणाऱ्या वन्संनी फोन झाडावरून आपल्याकडे वळवला. म्हणाल्या, "बरी आहे. ये ना गं एकदा."

गच्चीवरच्या खुंटाला पुढे पिल्लं फुटली. वन्संनी ती चक्क वाटली. मलाही एक मिळालं, सूचनांसकट. सगळ्यांत टपोरं तेवढं ठेवून घेतलंय. ते लेकीचं. परदेशात झाड नेऊ देत नाहीत, हे वन्संना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. ती अजून आलेली नाही. वन्सं रोज सकाळी ती कुंडी थोडीशी फिरवून ठेवतात, ते एकाच अंगानं वाढू नये म्हणून. अशा वेळी त्यांच्याजवळ जाऊन उभं राहावंसं वाटतं, आणि मी राहते.